मोनाप्पाअण्णांचा सरफेस

आमच्या गल्लीत सकाळी सव्वासहाला ज्याचं तोंड पिवळं असतं आणि सव्वासातला पांढरं, तो माणूस म्हणजे मोनाप्पाअण्णा. पिवळं डाळीच्या पिठानं आणि हळदीनं, पांढरं उन्हाच्या क्रीमनं. मधल्या तासाभरात त्यांचं खरं तोंड उघडं असतं, पण तेव्हा ते पपई खात असतात, त्यामुळे तेही नीट बघायला मिळत नाही.

अण्णांचं वय सदुसष्ट. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत छत्तीस वर्षं भट्टीपुढं उभे राहिलेले. वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं, दिवसभर धूर गिळायचा आणि संध्याकाळी मोटारसायकलवरून हिंडलग्याला घरी यायचं. त्या छत्तीस वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर एक करडा, विटका काळेपणा बसला तो बसलाच. निवृत्त झाल्यावर माणसं देवाधर्माच्या मागे लागतात, नाहीतर सुनेच्या. अण्णा स्वतःच्या तोंडाच्या मागे लागले, आणि तेही निवृत्त होऊन सात वर्षं झाल्यावर.

मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते. हायस्कुलात शिकवते, त्यामुळे सगळी गल्ली मला बाई म्हणते आणि सगळ्या गल्लीला रागावायचा मला हक्क आहे असं मी धरून चालते. पहिल्यांदा त्यांना पिवळ्या तोंडानं दूध घेताना बघितलं तेव्हा मी दारातूनच विचारलं, “अण्णा, हळद कुणाची लागली?”

“हळद न्हाय बाई, ट्रीटमेंट हाय,” ते ओठ न हलवता म्हणाले. पीठ वाळलं होतं. हसलं तर तडे जातात, म्हणून ते तेवढ्या वेळात कुणाच्याच विनोदाला हसत नसत.

अण्णांना चेहरा हा शब्द माहीत नव्हता. ते म्हणायचे सरफेस. साच्यातून निघालेल्या लोखंडाला वाळू चिकटलेली असते, ती खरवडून काढावी लागते, त्याला फौंड्रीत फेटलिंग म्हणतात. मसुराची डाळ जाडसर दळून ते तोंडाला चोळायचे, तेही फेटलिंगच. “सरफेस नीट झाल्याबिगर रंग धरत न्हाय बगा. लोखंड काय, कातडं काय, कायदा एकच.” सुरुवातीला हा कायदा त्यांनी इतका मनावर घेतला, की डाळीबरोबर तांदळाची कणी चोळली, वर अर्धं लिंबू पिळलं आणि तसेच उन्हात जाऊन बसले. संध्याकाळी तोंड टम्म सुजलं. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कातड्याच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं लिंबू बंद केलं, कणी बंद केली, रात्री लावायचं एक मलम दिलं, आणि उन्हाची क्रीम दर दोन तासांनी लावायला सांगितलं. झोप आठ तास, पाणी भरपूर, आणि तंबाखू बंद.

आता तंबाखू सोडायला वहिनी तीस वर्षं सांगत होत्या. देवाच्या शपथा घालून झाल्या, उपास करून झाले. डॉक्टरनं सांगितलं, तंबाखूनं कातडं लवकर म्हातारं होतं, आणि अण्णांनी त्याच दिवशी चंची चुलीत टाकली. वहिनी मला म्हणाल्या, “बाई, मी मरीन म्हटलं तवा सोडला न्हाई. सुरकुती म्हटल्यावर सोडला बगा.” हे सांगताना त्या रागावल्या होत्या की खूश होत्या, ते मला आजही सांगता येणार नाही.

क्रीमचं वेळापत्रक तर विचारू नका. फोनात दर दोन तासांचा गजर. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना गजर झाला. अण्णांनी अक्षता डाव्या हातात घेतल्या, उजव्या हातानं ट्यूब काढली, बोटांवर दोन रेघा ओढल्या आणि सगळ्या वऱ्हाडादेखत तोंडाला फासल्या. मांडवाखाली कसलं आलंय ऊन, असं कुणीतरी म्हणालं. “ढगातनं बी लागतंय, मांडवातनं बी लागतंय,” अण्णा म्हणाले, आणि मग अक्षता टाकल्या.

एक दिवस तर त्यांनी मोर्चा माझ्याकडं वळवला. मी पेपर तपासत ओट्यावर बसले होते. माझ्याकडं थोडा वेळ बघून म्हणाले, “बाई, झोप कमी हाय तुमची. डोळ्याखाली दिसतंय. सरफेस मळकट झालाय.”

मी त्रेपन्न वर्षांची बाई. आरसा मलाही आहे. मला इतका राग आला, की मी त्यांना वर्गातल्यासारखं झापलं. म्हटलं, अण्णा, या वयात गोरं व्हायचं हे काय खूळ? काळ्या माणसाला माणूस म्हणत नाहीत का? मी पोरींना वर्गात सांगते की रंगावर काही नसतं, आणि तुम्ही सदुसष्टाव्या वर्षी हळद फासून बसता!

ते ऐकून घेत होते. मग हळूच म्हणाले, “गोरं न्हाय वो व्हायचं बाई. हुतो तसं व्हायचंय.”

मी गप्प बसले. पण फार वेळ गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, आणि गल्लीच्या तर नाहीच. कारण एव्हाना एक वेगळीच गोष्ट गल्लीला लागली होती. अण्णा महिन्यातून एकदा इस्त्रीचा शर्ट घालून, तोंडाला क्रीम लावून निपाणीच्या गाडीत बसत आणि संध्याकाळी परत येत. कुठं जाता विचारलं तर, “जरा काम हुतं.” मग काय! गल्लीनं निपाणीत अण्णांची एक बाई वसवली, तिचं वय ठरवलं, तिचं किराणा दुकान आहे असंही ठरवलं. वहिनींच्या कानावर हे गेलं असणारच, पण त्या शांतपणे मसूर दळत राहिल्या. मला ते सहन होईना. मी एका संध्याकाळी अण्णांना फाटकातच गाठलं आणि सरळ विचारलं.

अण्णांनी खिशातून एक फोटो काढला. स्टुडिओत काढलेला. खुर्चीला टेकून उभा असलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, तुळतुळीत चेहऱ्याचा. “फौंड्रीत लागायच्या आदी काढल्याला. ह्ये तोंड परत आणायचंय.” मी बघितलं. फोटो कृष्णधवल होता. त्यात अण्णाच काय, म्हैससुद्धा उजळ दिसली असती. पण मी हे बोलले नाही, कारण अण्णा फोटोवरची धूळ बोटानं पुसत होते.

मग त्यांनी सांगितलं. निपाणीजवळच्या एका गावात त्यांची थोरली बहीण असते, आक्का. अण्णांपेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे अण्णांना न्हाऊमाखू घालून वाढवलं ते तिनं. तिचं लग्न झाल्यापासून दर नागपंचमीला अण्णा तिला माहेरी आणायला जायचे. आमच्या भागात पंचमीला भावानं न्यायला यायचं, हे बायकांना श्वासाइतकं गरजेचं असतं. आक्काची एकही पंचमी चुकली नव्हती. नवरा गेला, गुडघे गेले, तरी ती आली. पण दोन-तीन वर्षांपासून तिला विसर पडू लागला. आधी नातवंडांची नावं गेली, मग सुनांची ओळख गेली.

“गेल्या पंचमीला गेलतो की न्ह्यायला,” अण्णा म्हणाले. “नवं लुगडं नेसून, पिशवी भरून दारात बसल्याली. मी म्हटलं, चल आक्का. तर म्हणाली, कोण पायजे? म्हटलं, मी मोना. तर म्हणती कशी, माझा मोना उजळ हाय, हळदीच्या गाभ्यागत. तू कोण काळा बाप्या मला न्ह्यायला आलास? भ्याली हो मला. आतनं कडी लावली.”

आत तिच्या लेकानं, सुनेनं समजावलं. ती आणखीच घाबरली. ती घरातल्या घरात रडत बसली, भाऊ आला नाही म्हणून. भाऊ बाहेर उभा होता.

परतीच्या गाडीत अण्णांनी हिशेब जुळवला. आक्काच्या डोक्यात भट्टीच्या आधीचं तोंड राहिलंय. मग तेच तोंड परत आणायचं. एक वर्ष हातात आहे. लोखंड साफ होतं, तर कातडं का होणार नाही?

“आणि महिन्याच्या महिन्याला जाता ते?”

“समोरच्या देवळाच्या कट्ट्यावर बसतो. ती दारात बसती, तिला लांबनं बगतो आणि येतो. म्होरं जात न्हाय. परत भ्याली म्हंजे? तोंड तयार झाल्याबिगर जायचं न्हाय म्हटलं.”

मी घरात आले आणि भाजी करपेपर्यंत नुसती उभी राहिले. माझाही भाऊ आहे, पुण्याला. पंचमीला फोनवर दिसतो, घाईत असतो, मीही घाईत असल्याचं दाखवते. त्या दिवशी मला तो फार हवा होता. दारात येऊन उभा राहायला हवा होता, बस्स.

दुसऱ्या दिवसापासून मी अण्णांच्या बाजूची झाले. गल्लीला मी एकदाच असं झापलं, की निपाणीची ती बाई दुकानासकट नाहीशी झाली. अण्णांचा चेहरा मी रोज उजेडात धरून तपासू लागले. आणि खरं सांगते, फरक पडला होता. तंबाखू सुटलेली, झोप भरलेली, ऊन टाळलेलं. कपाळावरचा करडेपणा विरला होता, गालांना तकाकी आली होती. सदुसष्टाचे अण्णा साठीचे दिसू लागले. पण साठीचेच. एकोणीस आणि साठ यांच्यातलं अंतर कुठल्या डाळीनं कापायचं, ते त्या डॉक्टरलाही माहीत नव्हतं. अण्णांना मी ते सांगितलं नाही. माझी छाती झाली नाही.

या पंचमीच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडं आले. “बाई, तुमी संगं या की. बाईमाणूस दिसली तर आक्का भ्यायची न्हाय.” वहिनींचे गुडघे धरलेले, शिवाय तंबिटाचे लाडू त्यांच्याच हातचे आक्काला आवडायचे, ते वळायला त्या घरीच थांबल्या. मी माझी गाडी काढली. वाटेभर अण्णा गाडीच्या आरशात तोंड बघत होते. गाव आलं तसे वेशीजवळ उतरले, बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुतलं, पुसलं आणि माझ्यापुढं धरलं.

“कसा हाय?”

“फार चांगला आहे, अण्णा,” मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

आक्का दारातल्या कट्ट्यावर बसली होती. हिरवं लुगडं, तेल लावून बसवलेले पांढरे केस, मांडीवर पिशवी. अण्णा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. शर्ट ओढून सरळ केला आणि चेहरा जरा वर उचलला, फोटोग्राफरपुढं उचलतात तसा. आक्कानं त्यांच्याकडं बघितलं. खूप वेळ बघितलं.

“या की,” ती म्हणाली. “बसा. पाणी आणू काय? कुठनं आलासा?”

अण्णांची मान खाली आली. बहीण भावाला ‘आलासा’ म्हणत नाही, ‘आलास’ म्हणते.

मी पुढं होऊन बोलणार होते, की अहो आक्का, हाच तुमचा मोना. अण्णांनी हातानंच मला थांबवलं. कट्ट्याच्या कडेला, तिच्यापासून हातभर लांब बसले. म्हणाले, “हिंडलग्यास्नं आलोय.”

“अगंबाई! माझं म्हायार की ते!” आक्का खुलली. “मी भावाची वाट बगतोय. पंचमीला न्ह्यायला येतोय त्यो. लई गुणी. फौंड्रीत हाय, रजा मिळत न्हाय त्याला. गेल्या साली बी आला न्हाय.” मग पिशवीचे बंद सारखे करत म्हणाली, “रागावलाय काय की माझ्यावर.”

“न्हाय वो,” अण्णा म्हणाले. “राग कसला यील त्याला?”

मग ती दोघं बसून राहिली. आक्का रस्त्याकडं बघत होती. कुणी येताना दिसलं की ती पिशवी उचलायची आणि माणूस पुढं गेला की परत मांडीवर ठेवायची. अण्णाही रस्त्याकडंच बघत होते. जणू त्यांनाही वाटत होतं, तो मुलगा आता येईल. त्यांचा गजर झाला. त्यांनी तो बंद केला आणि क्रीम काढली नाही.

ऊन कट्ट्यावर चढलं तेव्हा आक्कानं त्यांच्याकडं पुन्हा नीट बघितलं.

“तुमी आता माघारी हिंडलग्यालाच जाणार न्हवं?”

“व्हय.”

“मग मला सोडशीला? उशीर झाला तर पंचमी जाईल माझी. तुमचं तोंड भल्या माणसाचं दिसतंय. मला भ्या वाटत न्हाय.”

अण्णा उठले आणि त्यांनी तिच्यापुढं हात धरला. आक्का त्या हाताला धरून उठली, सुनेला हाक मारून जाते म्हणाली, आणि गाडीत बसली. अण्णा तिच्याशेजारी मागं बसले, पिशवी मांडीवर घेऊन.

संकेश्वर मागं पडलं तशी आक्का अस्वस्थ झाली. मला वाटलं, आता परत फिर म्हणणार. तिनं अण्णांच्या दंडाला हात लावला आणि मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, “एक करा. गावात माझा भाऊ भेटला तर त्याला सांगू नगासा, मी परक्यासंगट आले म्हणून. लई जीव हाय त्याचा माझ्यावर. वाईट वाटंल त्याला.”

“न्हाय सांगत,” अण्णा म्हणाले.