बेगमला गिऱ्हाईक

दाऊदभाय माणसांशी अरे-तुरे बोलायचा आणि बकऱ्यांशी अदबीनं. मला म्हणायचा, "ए म्हातारे, चहा कर." आणि बकरीला, "चला बेगम, आपण पुढे व्हा."

एकदा मी विचारलं, "बकरीला मान आणि मला नाही?"

"त्यांना सरकार खायला घालतं. तुला कोण घालतं?"

"माझा मुलगा."

"तो कुठं सरकार आहे?"

ओमानात निझवाच्या बाजारात माझ्या मुलाचं किराण्याचं दुकान आहे. समोरच दर शुक्रवारी सकाळी बकऱ्यांचा बाजार भरतो. दाऊदभाय आमच्याच रत्नागिरीकडचा. गावाबाहेर एका ओमानी अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, बकऱ्या राखायचा. ज्या बकरीच्या कानात बिल्ला, तिच्या खाण्यासाठी सरकारची मदत. मदत मिळायची अर्बाबला, ऐट करायचा दाऊदभाय. खुराकाच्या गोळ्या खिशात ठेवायचा आणि बकऱ्यांच्या आधी स्वतः चावून बघायचा. "आज मीठ कमी आहे," असं सांगायचा. एकदा मलाही दिली. मी खाल्ली. मीठ कमीच होतं.

मग अर्बाब अंथरुणाला लागला. त्याची मुलं लांब बौशरला ऑफिसात. बकऱ्यांची नोंद मालकाला पुन्हा करून द्यावी लागते, मुलांना वेळ झाला नाही. मदत बंद पडली. थोरला म्हणाला, "खलास. सगळ्या विका. शेवटची गेली की दाऊदलाही घरी पाठवू."

घरी म्हणजे कुठं, ते त्यानं विचारलं नाही. दाऊदभायची बायको मेली, मूलबाळ नाही आणि गावचं घर भावानं बळकावलं. हे त्यानं मला एकदाच सांगितलं होतं, तेही बकरीकडे बघत.

एकेक करून बकऱ्या गेल्या. राहिली बेगम. म्हातारी, डावीकडचे दात पडलेली.

आमच्या बाजारात गिऱ्हाईक गोल करून बसतं आणि विकणारा जनावर धरून त्यांच्यासमोरून फिरतो, भाव ओरडत. दाऊदभाय बेगमचे रोग ओरडायचा. "खोकला आहे. दूध नाही. लाथ मारते." लोक पोट धरून हसायचे. बाजार उठला की बेगमला घेऊन तो माझ्या दारात हजर.

"गिऱ्हाईकच नाही, म्हातारे. काय करणार?"

"असं विकलंस तर कयामतीपर्यंत मिळायचं नाही."

"इन्शाल्ला," म्हणायचा आणि चहा मागायचा.

गेल्या शुक्रवारी अर्बाबचा थोरला मुलगा आला. त्यानं दोरी स्वतःच्या हातात घेतली, तोंड बंद ठेवून एक फेरी मारली. एका हॉटेलवाल्यानं बेगम घेतली आणि गाडीत चढवली. दाऊदभाय मागोमाग गेला. मीही दुकानातून उठून गेले, म्हटलं हा काही तमाशा करेल.

तमाशा नाही केला. हॉटेलवाल्याला म्हणाला, "आधी पाणी दाखव, मग दाणा. तोही उजवीकडून. डावीकडे दात नाहीत."

हॉटेलवाला हसला. "चाचा, संध्याकाळी कापायची आहे."

"माहीत आहे. दुपारी भूक लागेल ना."

मग त्यानं खिसा उलटा केला आणि होत्या नव्हत्या त्या गोळ्या हॉटेलवाल्याच्या ओंजळीत ओतल्या.

गाडी गेली. मी दुकानात येऊन चहा ठेवला. त्यानं मागितला नव्हता.