सुभेदारांच्या पोटाचा फोटो

सत्त्याण्णव सालच्या मार्चमध्ये तासगावात सुभेदार बाजीरावांनी आपल्या जठराचा रंगीत फोटो चौकटीत बसवून बैठकीत लावला. शेजारी त्यांचा वर्दीतला फोटो होता. येणाऱ्याला आधी जठर दाखवलं जाई.

"ह्यो लाल डाग दिसला? अल्सर. त्याच्या मागं घुसखोर दडल्यात."

घुसखोर म्हणजे जंतू. सांगलीच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून ते शोधले होते. त्याआधी पंधरा वर्षं पोटातल्या जळजळीला सुभेदार फौजेतलं जेवण, तासगावचं पाणी आणि माझ्या घरचा चहा यांना जबाबदार धरत. मी शेजारी. रोज सकाळी साडेसहाला कुंपणावरून त्यांच्या पोटाच्या बातम्या ऐकणं माझ्या वाट्याला होतं. "काल दोनदा गोळीबार" म्हणजे आंबट ढेकर. एका लग्नाच्या पंगतीतही त्यांनी तपशील सुरू केला. समोरच्या पाहुण्यानं उचललेली जिलेबी परत ठेवली.

डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. सकाळ-संध्याकाळ, एकही वेळ चुकवायची नाही. कमी घेतल्या तर जंतू मरत नाहीत, औषधालाच दाद देईनासे होतात, असं बजावलं. स्कूटरवरून त्यांना मीच नेलं होतं, म्हणून लक्ष ठेवायचं कामही माझ्याकडे आलं.

सुभेदार रोज सकाळी कुंपणाशी येत, टाचा जुळवत, गोळ्या गिळत आणि जीभ बाहेर काढून दाखवत.

"ऑर्डर म्हंजे ऑर्डर!"

चौदा सकाळी मी ती जीभ पाहिली.

दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. जखम तशीच होती, जंतूही तसेच. डॉक्टर माझ्यावर चिडले. मी सुभेदारांवर चिडलो.

"खरं सांगा, गोळ्या घेतल्या का?"

"सकाळच्या घेतल्या."

"आणि संध्याकाळच्या?"

"मंडळींना दिल्या," सुभेदार बुटांकडे बघत म्हणाले.

मंडळी म्हणजे त्यांच्या पत्नी, पार्वतीकाकी. फोटोवरचं भाषण चालू असताना त्या चहा ठेवून आत निघून जात.

"तिचंबी पोट लय जळतंय," सुभेदार म्हणाले. "भाकरीचे दोन घास खाती आन् पोट दाबून बसती. दवाखान्यात चल म्हनलं तर म्हनती, मला काय धाड भरलीया? मग निम्मा दारूगोळा तिकडं धाडला."

"अहो सुभेदार, निम्म्यानं दोघंही बरे झाला नाहीत," डॉक्टर म्हणाले. "घेऊन या त्यांना."

आणायला आठ दिवस लागले. टेबलावर आडवं होताना काकींचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत आला, "आवं, एवढी नळी? घरला चला!"

"मी हितंच हाय. हात धर," सोबत आत गेलेले सुभेदार म्हणाले.

नंतर आतून काही ऐकू आलं नाही. नळी काकींच्या घशात होती आणि घाम सुभेदारांना फुटला होता, असं नर्सनं मागाहून सांगितलं.

काकींनाही अल्सर निघाला, जंतूही निघाले. दोघांना वेगवेगळी औषधं मिळाली. चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ कुंपणाशी हजेरी झाली. सुभेदारांची जीभ पूर्ण बाहेर, काकींची पदराआडून जेमतेम.

पुढच्या तपासणीत दोघांच्याही पोटात जंतू सापडले नाहीत.

त्याच आठवड्यात सुभेदारांनी चौकटीतून आपलं जठर काढलं आणि काकींचं बसवलं. ते अजून वर्दीतल्या फोटोशेजारी आहे. त्या घरात काकींचा दुसरा फोटो नाही.