तीनदा देवाला दिलेला भोपळा

शांतवन मास्तरांचा एक दावा होता आणि निपाणीच्या बसस्टँडवर अनोळखी माणूस जरी भेटला तरी ते त्याला तो ऐकवायचे. घरात कसलीही बारीकसारीक गोष्ट घडू दे, तिच्यातनं पाच मिनिटांच्या आत देवाची शिकवण काढून दाखवतो, नाही काढली तर नाव बदलीन! आणि काढायचेही. ऐन सणाला गॅसची टाकी संपली तर मोकळी टाकी आडवी करून मास्तर सदा तयारीत राहण्यावर बोलायला लागत. कुकरची शिट्टी अडकली तर मनात राग कोंडण्यावर. पस्तीस वर्षं शाळेत शिकवून रिटायर झालेला माणूस, त्याला समोर वर्ग लागतोच. वर्ग नसला तर घरची माणसं तरी. दर रविवारी चर्चच्या उपासनेत त्यांना पाच मिनिटं दिलेली असत आणि मंडळीतले लोक त्याला 'मास्तरांचा दाखला' म्हणत.

ह्या दाखल्यांच्या पायी त्यांची बायको मालुबाई लई भरडली गेली. तिनं काही हरवलं, करपवलं, सांडलं, की रविवारी ते अख्ख्या चर्चला कळायचं. पण बाई कच्ची नव्हती. ताटावर बसून मास्तरांनी तोंड उघडलं की ती म्हणायची, "आधी जेवा, मग दाखला." आणि जेवण झालं की म्हणायची, "आता निजा."

ही मालुबाई आषाढात गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी बेळगावचा दवाखाना आणि चौथ्या दिवशी घरी आणली ती पेटीतच. ह्या गोष्टीतनं मात्र मास्तरांना शिकवण काढता आली नाही. पाच मिनिटांत नाही आणि पाच महिन्यांतही नाही. रविवारी दाखल्याची वेळ झाली की पाळकसाहेब त्यांच्याकडं बघायचे आणि मास्तर फरशीकडं बघायचे. पुढं पुढं पाळकसाहेबांनी बघायचं सोडून दिलं.

असं करत कापणीचा सण आला. ह्या सणाला मंडळी आपापल्या मळ्यातलं, परसातलं पहिलं पीक वेदीपुढं आणून ठेवतात. ऊस, भाताची लोंबी, गुळाची ढेप, अंडी, पाय बांधलेले कोंबडे. तंबाखू चालते का नाही ह्यावर एका साली भांडण होऊन दोन घरं वर्षभर एकमेकांशी बोलली नव्हती, तेव्हापासनं तंबाखूवाले मुकाट्यानं केळी आणतात. उपासना झाली की आवारात ह्या सगळ्याचा लिलाव होतो. त्यातही एक रीत आहे. घेणाऱ्यानं वस्तू घरी न नेता परत देवाला दिली, की तिचा पुन्हा लिलाव. एका कोंबड्यानं एका दुपारी पाच मालक केलेले लोकांनी बघितलेत.

तर पाळकसाहेब घरी आले आणि म्हणाले, मास्तर, यंदा सणाचा संदेश तुम्ही द्यायचा, दाखल्यासकट. मास्तर नको म्हणणार होते. पण तेवढ्यात त्यांची नजर आतल्या खोलीतल्या कपाटावर गेली.

कपाटावर चुंबळीत बसवलेला एक तांबडा भोपळा होता. मालुबाईनं मृगात न्हाणीघराच्या मागं वेल लावला होता आणि महिनाभरात ती गेली. वेलाला कुणी काही कळवलं नव्हतं, तो आपला पत्र्यावर चढला. दिवाळीच्या आसपास तीन भोपळे निघाले. दोन शेजारीपाजारी गेले आणि तिसरा मास्तरांनी ठेवून घेतला. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते त्याच्यापुढं जरा वेळ उभे राहायचे. बोलायचे नाहीत हां, नुसतं उभं राहायचे. भोपळ्याच्या एका अंगाला पत्र्याला घासून पांढुरका वण पडला होता, त्यावरनं अंगठा फिरवायचे आणि मग दिवस सुरू करायचे.

पाळकसाहेब गेल्यावर मास्तरांनी सुनेला हाक मारली. मुलगा गोव्याला नोकरीला, दोन महिन्यांतनं एकदा यायचा, त्यामुळं घरात ही दोघंच. सून पूर्णिमा पीठ लागलेल्या हातानं बाहेर आली. मास्तरांनी जाहीर केलं, की हा भोपळा आपण देवाला द्यायचा. जे जिवापाड जपलं तेच द्यायचं, हाच संदेश. माणूस गेलं म्हणून मुठी आवळून बसायचं नाही. पाच महिन्यांनी मास्तरांचा आवाज पहिल्यासारखा खणखणीत लागला होता.

पूर्णिमाचं तोंड मात्र उतरलं.

"मामा, दुसरं काय तरी देऊया की," ती म्हणाली. "त्या भोपळ्याचं मला जरा सांगायचं हाय."

मास्तरांनी तिला पुरतं बोलू दिलं नाही. तुझा जीव अडकलाय त्याच्यात, कळतंय मला, पण हीच तर परीक्षा, असं म्हणून त्यांनी वीस मिनिटं परीक्षेवर घेतली. शुक्रवारी ती पुन्हा आली, तेव्हा ते संदेश लिहीत होते आणि तिचं दुःख त्यांना संदेशात बसवायला बरं वाटलं. शनिवारी तिनं तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तर मास्तर म्हणाले, पूर्णिमा, तू हे जे तीनदा अडवलंस ना, त्यावरच मी शेवट करणार आहे. मग ती गप्प बसली. ज्या घरात बोललेलं सगळं चर्चमध्ये पोचतं, त्या घरात माणसं लवकर गप्प बसतात.

रविवारी मास्तरांनी संदेश असा दिला, की मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून बसल्या. भोपळा वेदीवर होता. त्याला हात लावून मास्तरांनी मालुबाईच्या हातचं बी, तिच्यामागं वाढलेला वेल, सगळं सांगितलं. मग भोपळा वळवून वण दाखवला. म्हणाले, हा पत्र्याचा घाव बघा, सोसल्याशिवाय फळ नाही, आणि आज हे आम्ही हसत देतोय. वणाचं ऐकताना पूर्णिमाला असा ठसका लागला की ती उठून बाहेरच गेली. मास्तरांनी बोट करून सांगितलं, बघा, माझ्या सुनेला सोसवेना. मंडळी हळहळली.

इथवर सगळं झकास झालं. घोळ झाला तो आवारात.

लिलाव पुकारायचं काम भावकूचं. हा पंचकमिटीतला माणूस, आवाज असा की ध्वनिक्षेपकाचं भाडं वाचतं. त्यानं भोपळा उचलला, पाठीवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "चांगला पिकलाय. बोला, मालुआक्काचा भोपळा!"

त्या टिचक्या मास्तरांच्या बरगडीत वाजल्या. मालू गेल्यावर पेटीवर झाकण ठोकलं तेव्हा असाच आवाज आला होता, आणि तेव्हापासनं आजवर त्यांनी तो आठवायचं टाळलं होतं. वीटभट्टीवाल्या आण्णाप्पानं शंभरची बोली लावली, आणि कुणाला काही कळायच्या आत मास्तर म्हणाले, दोनशे.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याच दानावर बोली लावून चर्चला जास्त मिळवून देणारा माणूस असावा तर असा. आण्णाप्पा भरून आला. लहानपणी मालुबाईच्या हातची भाकरी त्यानं खाल्लेली, तो कसा मागं राहील? त्यानं पाचशे म्हटलं. मास्तरांनी सहाशे. आण्णाप्पा हात जोडून हसत हसत वाढवायचा, मास्तर घाम पुसत वाढवायचे. एक वार, दोन वार, तीन वार. भोपळा मास्तरांचा झाला. त्यांनी दोन्ही हात पुढं केले.

भावकूनं भोपळा त्यांच्या डोक्यावरनं उंच धरला. "मास्तरांनी परत देवाला दिला!"

पुन्हा टाळ्या. रीतच ती. मास्तरांना तोंड उघडता येईना, कारण तासाभरापूर्वी त्याच तोंडानं त्यांनी मुठी उघडायला सांगितल्या होत्या. दुसरा लिलाव सुरू झाला. आता बाकीच्यांनाही चेव आला. मास्तरांवर एकट्यावरच का म्हणून सगळा भार, असं म्हणत जो तो बोली लावायला लागला. मास्तर सगळ्यांच्या वर गेले. भोपळा पुन्हा त्यांचा झाला, आणि भावकूनं तो पुन्हा देवाला देऊन टाकला. एक म्हातारी मास्तरांच्या पाया पडायला आली. त्यांनी तिला बाजूला केलं, कारण तिच्यामुळं भोपळा दिसत नव्हता.

तिसऱ्या खेपेला आकडा पेन्शनच्या वर गेला. तीन वार झालं आणि भावकूनं हात वर न्यायच्या आत मास्तरांनी भोपळा धरला. भावकूही सोडेना, त्याला वाटलं मास्तर आशीर्वाद देतायत. दोघं मिळून भोपळा ओढायला लागले.

"सोड भावकू. मला द्यायचा न्हाय."

"कुणाला, मास्तर?"

"देवाला."

आवार गप्प झालं. पाय बांधलेला एक कोंबडा तेवढा बोलला.

"सकाळी मी जे सांगितलं ते पाठ करून सांगितलं," मास्तर म्हणाले. भोपळा त्यांनी पोटाशी धरला होता. "मी हसत बिसत काय देत न्हाय. मला तिची लई आठवण येती. तिचं म्हणून एवढंच ऱ्हायलंय."

आण्णाप्पानं डोक्यावरची टोपी काढली. "मग आधी सांगायचं न्हाय व्हय, मास्तर?" तो हळूच म्हणाला. "मी बोली लावलीच नसती की."

पूर्णिमा स्कूटर घेऊन पुढं आली. मास्तर मागं बसले, मांडीवर भोपळा. घरात आल्यावर त्यांनी भोपळा कपाटावर चुंबळीत बसवला, वणावरनं अंगठा फिरवला आणि मान खाली घालून खाटेवर बसले. अख्ख्या मंडळीपुढं अब्रू गेली होती, पण भोपळा घरी आला होता. त्यांना तेवढं पुष्कळ होतं.

पूर्णिमा दारात उभी राहिली. आता तिला अडवायला दाखला शिल्लक नव्हता.

"मामा, त्यो आत्तींचा न्हवं," ती म्हणाली.

गेल्या महिन्यात मास्तर हिंडलग्याला बहिणीकडं चार दिवस राहायला गेले होते. त्या चार दिवसांत तिच्या आत्तींचा, म्हणजे मालुबाईचा भोपळा खालनं नासला. कपाटावरनं पाणी ओघळायला लागलं तेव्हा पूर्णिमाला कळलं. परत आल्यावर मास्तर चहाचा कप घेऊन कुणापुढं उभं राहणार, ह्या काळजीनं ती गुरुवारच्या बाजारात गेली. तेवढाच, तसलाच, अंगाला वण असलेला भोपळा मिळेपर्यंत तिनं चाळीसेक भोपळे उलटेपालटे केले. शेवटी विकणारी बाई वैतागून म्हणाली, नवरा बघायला आलीयास काय गं?

मास्तर खाटेवरनं उठले.

"आणि त्यो? टाकलास?"

"टाकंन कशी? न्हाणीघराच्या मागं पुरला. प्रार्थना पण म्हटली." पूर्णिमा म्हणाली. "आत्तींच्या वक्ताला मला म्हणाय जमलं न्हवतं."

दोघं मागं गेली. वेलाचं मूळ होतं तिथंच जमिनीला थोडा उंचवटा होता आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दोन विटा ठेवल्या होत्या. मास्तर त्यापुढं उभे राहिले. मातीत गेलेलं फळ, त्यातलं बी, ते लावणाऱ्या बाईचंच ते अंगण. शाळकरी पोरालाही दिसली असती अशी शिकवण तिथं आयती मांडून ठेवलेली होती. मास्तरांचा हात सवयीनं वर गेला, त्यांनी घसा साफ केला आणि तोंड उघडलं.

"आधी जेवा," पूर्णिमा म्हणाली.

मास्तरांनी तोंड मिटलं. मग तिथंच विटांपाशी उकिडवे बसून रडले. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

दुपार कलली तेव्हा पूर्णिमानं कपाटावरचा भोपळा खाली घेतला आणि विळीवर धरला. निम्मा चिरून झाला होता तेवढ्यात पाळकसाहेबांचा फोन आला. मंडळी फार हलून गेलीय, पुढच्या रविवारी मास्तरांनी हाच दाखला पोरांच्या वर्गात सांगावा आणि भोपळा आठवणीनं बरोबर आणावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पूर्णिमानं हातातली फोड पातेल्यात टाकली आणि मामा जेवायला बसलेत, एवढंच सांगितलं.

भाजी साफ अळणी झाली होती. मास्तरांनी ती दोनदा मागून घेतली, आणि त्यावर एक शब्दही बोलले नाहीत.