आधी स्लॅब, मग चहा

गांगुर्डेकाका कुणाच्याही घरी गेले की माणसांकडे नंतर बघतात, आधी छताकडे. ठाण्यात वर्तकनगरला ते माझे शेजारी. मुलीसाठी, शीतलसाठी, स्थळ बघायला गेले तेव्हाही नवऱ्यामुलाला ‘जय भीम’ म्हणाले ते मान वर करूनच. "आधी स्लॅब, मग चहा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्याला कारण आहे. आमच्या जुन्या इमारतीत एकदा स्लॅबचा भलामोठा तुकडा थेट शीतलच्या खाटेवर पडला. ती नुकतीच दात घासायला उठली होती म्हणून वाचली. पुढे इमारतीवर ‘धोकादायक’ची नोटीस लागली, आम्ही सगळे नव्या इमारतीत आलो, काकू वारल्या, पण काकांची मान काही खाली आली नाही.

शीतल आता इंग्लंडमधल्या एका जुन्या गावात संसार करते. गेल्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी मी लंडनला निघालो, तेव्हा काकांना तिच्याकडे पोचवायचं काम माझ्याकडे आलं.

गाव फार देखणं. दगडी पूल, उताराचा रस्ता, दोन्ही बाजूंना काळ्या लाकडी चौकटींची पांढरी घरं, सगळी एकमेकांच्या अंगावर रेललेली. लोक फोटो काढत होते. काकांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"अरे मागे हो! सगळी कललीयेत. नोटीस कुठे लावलीये?"

शीतलचं घर त्यातलंच, सगळ्यात वाकडं.

"बाबा, चारशे वर्षं उभंय हे," ती म्हणाली.

"तेच तर म्हणतोय. दमलं असेल."

चहा निवला तरी काका उभेच. वरच्या खोलीत शीतलच्या पलंगाच्या बरोबर वर जाडजूड तुळई होती आणि तुळईखालच्या भिंतीत बोट जाईल एवढी भेग. ती बघून काकांच्या तोंडचं पाणीच पळालं. फळ्या करकरल्या की ते दाराकडे बघायचे. खरं सांगतो, तासाभरात मीही दबकत चालायला लागलो.

दुसऱ्या दिवशी शीतल आणि मी वर गेलो तर काकांनी पलंग ओढून दारापाशी आणला होता आणि ते भेगेवर कागदाची पट्टी चिकटवत होते. हा आमच्या इमारतींतला रिवाज. भेग वाढली की पट्टी फाटते, पट्टी फाटली की घर सोडायचं. पट्टीचं दुसरं टोक मी दाबून धरलं.

"शब्द दे," ते शीतलला म्हणाले. "फाटली की त्याच दिवशी निघायचं. सरळ ठाण्याला."

तिने न हसता मान हलवली.

महिन्याभराने काका परतले. आता रोज संध्याकाळी तिला फोन असतो. जेवलीस का, हे नंतर.

"पट्टी?"

"आहे, बाबा."

काल मी त्यांच्याकडेच बसलो होतो. नेहमीचंच उत्तर आलं. "बरं झालं गं बाई," म्हणून काकांनी फोन ठेवला आणि बराच वेळ स्वतःच्या छताकडे बघत बसले.

"फाटली असती," ते म्हणाले, "तर आली असती ना रे ती घरी?"