द्राक्षातली गोळी

खंडेराव गांगुर्डे नोट प्रेसमधून रिटायर झाले, पण तपासणी काही त्यांच्या अंगातून रिटायर झाली नाही. उभा जन्म नोटांचे कागद उजेडात धरण्यात गेलेला. कुठे शाई फुटली, कुठे नंबर सरकला, की म्हणायचे, "बाद!" आता नाशिकरोडच्या घरी बसून ते वाकडी भाकरी बाद करत, इस्त्री केलेला शर्ट बाद करत. एकदा तर चार पाहुण्यांसमोर सुनेचा, योगिनीचा, चहा बाद केला होता. सिंधुबाई म्हणायच्या, "मला तेवढं बाद करू नका. ह्या वयात कुठं जाऊ मी?"

यंदा द्राक्षं ऐन भरात असताना बाद व्हायची पाळी बीपीच्या गोळीवर आली.

"सिंधू, ही गोळी मी वर्षानुवर्षं गिळतोय. हिचा उपयोग होतो याला पुरावा काय?"

"डॉक्टर म्हनले ना."

"डॉक्टर म्हणणारच. माझ्यावर तपासून बघितलीय का कुणी?"

सिंधुबाईंना गेणूभावजी आठवले. ते त्यांचे धाकटे दीर, चांदवडला असतात. त्यांनीही 'मला आता बरं वाटतंय' म्हणून परस्पर गोळी सोडली होती, आणि एका सकाळी अर्धं अंग गेलं. अजून त्यांना 'वहिनी' म्हणताना जीभ साथ देत नाही. ते आठवलं की सिंधुबाईंना घास गोड लागत नसे.

"बंद नाही करत गं," खंडेराव म्हणाले. "तपासणार आहे. शास्त्राप्रमाणे."

शास्त्र त्यांना मोबाईलवर भेटलं होतं. नवीन औषध तपासताना म्हणे काहींना खरी गोळी देतात, काहींना हुबेहूब तशीच खोटी, आणि गिळणाऱ्याला पत्ता लागू देत नाहीत. आता दोन माणसं कुठून आणायची? म्हणून एकाच खंडेरावांना काही दिवस खरी आणि काही दिवस खोटी द्यायची असं ठरलं. खोटी म्हणून त्यांनी वाण्याकडून पेपरमिंटच्या पांढऱ्या चपट्या गोळ्या आणल्या. अडचण एकच होती. खंडेरावांच्या नजरेतून खोटं काही सुटायचं नाही.

"म्हणून माझी नजरच बाद," ते म्हणाले. "गोळी द्राक्षात घालून द्यायची. मी न चावता गिळणार."

"द्राक्षात?"

"नाशकात राहतो आपण. मग काय फणसात घालणार?"

"आन् घशात अडकलं म्हंजे?"

"बारीक मणी बघून घे. आणि खोटी दिलीस त्या दिवशी कॅलेंडरवर गुपचूप लाल खूण कर. मी महिनाभर तिकडे बघणार नाही."

बीपी मोजायचं काम महेबूबभाईंकडे आलं. महेबूबभाई शेख म्हणजे प्रेसमधले जुने जोडीदार, मागच्याच गल्लीत राहायचे. त्यांनाही बीपी, आणि गोळीही तीच. रोज सकाळी मशीन काखेत मारून यायचे, खंडेरावांच्या दंडाला पट्टा बांधायचे आणि आकडा मोठ्याने सांगायचे. जाताना म्हणायचे, "खंडूभाई, तुझा निकाल लागू दे. गोळी फालतू निघाली ना, तर मी पण सोडतो."

झालं! एक होता, त्याचे दोन झाले.

सिंधुबाईंनी पहिल्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं. नवऱ्याला हातानं खोटी गोळी भरवायची? मेलं ते शास्त्र! सगळी पेपरमिंटं त्यांनी फडताळातल्या एका रिकाम्या बाटलीत ओतली, आणि रोज न चुकता खरीच गोळी द्राक्षात घातली. कॅलेंडरवर लाल खुणा मात्र करायला हव्या होत्या. त्या कोणत्या दिवशी कराव्यात? सिंधुबाईंना एकच हिशोब ठाऊक होता. त्यांनी एकादशीला खूण केली, चतुर्थीला केली, आणि दर गुरुवारी केली. गोळीलाही उपास घडला.

महिना असा सुखात गेला. सिंधुबाईंची तब्येतही कधी नव्हे ती सुधारली. त्यांना गुडघेदुखी जुनी, जिना चढताना देव आठवायचे. रोज जेवण झालं की योगिनी त्यांच्या हातावर गुडघ्याची गोळी ठेवायची, आणि या महिन्यात ती भलतीच लागू पडली होती.

"योगिनी, ह्या खेपेची गोळी लय गुणाची हाय बघ," त्या म्हणाल्या. "चवीला गोड, आन् घशाला कसं गार वाटतं."

"आई, तुम्हाला बरं वाटतंय ना, मग झालं तर."

महिना संपला. खंडेराव चष्मा पुसून कॅलेंडरसमोर उभे राहिले, वहीत टिपलेले आकडे आणि खुणा ताडून पाहिल्या आणि टाळी वाजवली.

"खऱ्या दिवशी बीपी बरोबर, खोट्या दिवशीही बरोबर! म्हणजे गोळी असली काय, नसली काय, फरक शून्य. गोळी बाद!"

आणि बीपीच्या गोळ्यांचं पाकीट कचऱ्याच्या डब्यात गेलं. "उद्या बागेतल्या कट्ट्यावर सगळ्यांना सांगतो. बिचारे फुकट गिळतायत."

त्या रात्री सिंधुबाईंच्या डोळ्याला डोळा लागला नाही. बोलावं तर महिनाभर नवऱ्याला फसवलं असं होणार. न बोलावं तर गेणूभावजींची खाट डोळ्यापुढून हलेना. सकाळी त्यांनी पदर खोचला आणि तरातरा बागेत गेल्या. कट्ट्यावर खंडेराव उभे राहून निकाल सांगत होते, आणि महेबूबभाई खिशातलं पाकीट काढून टाकायच्या बेतात होते.

"थांबा!" सिंधुबाई ओरडल्या. "एक बी खोटी गोळी दिली नाय मी. रोज खरीच घातली. खुणा निस्त्या उपासाच्या हायेत!"

खंडेराव बायकोकडे वळले.

"तू मला फसवलंस?"

"फसवलं. तुमचा गेणूभावजी होण्यापरीस फसवलेलं बरं." त्यांनी हात जोडले. "रागवा नायतर काय बी करा, पण गोळी सोडू नका हो."

महेबूबभाईंनी पाकीट हळूच परत खिशात घातलं. "म्हणजे रोज खरी खाल्ली म्हणून रोज बीपी बरोबर. खंडूभाई, गोळी पास झाली की रे!"

खंडेरावांनी उपरण्याने डोळे टिपल्यासारखं करून घसा खाकरला. तपासनीस तो तपासनीसच.

"एक सांग. मी आणलेली पेपरमिंटं कुठायत?"

"ती व्हय? टाकायची कशाला म्हनून ठिवली. माझ्या गुडघ्याच्या गोळ्यांची बाटली रिकामी झालती ना, तिच्यात."

महेबूबभाईंनी दाढी खाजवली. "वहिनी, मग महिनाभर गुडघ्याची गोळी कुठल्या बाटलीतून खाल्ली तुम्ही?"

सिंधुबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. गोड चव आठवली. घशाचा गारवा आठवला. बाटली भरलेली दिसते म्हणून योगिनीने नवीन गोळ्या आणल्याच नव्हत्या, तेही आठवलं. आणि महिनाभर हूं की चूं न केलेला उजवा गुडघा त्याच क्षणी असा ठणकला, की "आई गं!" करून त्या कट्ट्यावर बसल्या. कट्टा हसून हसून लोळायचा बाकी राहिला.

"चुकीच्या माणसावर तपासणी झाली," खंडेराव म्हणाले, आणि बायकोला हाताला धरून, वाटेत दोनदा थांबत, घरी घेऊन आले.

त्याच संध्याकाळी सोमनाथने, त्यांच्या मुलाने, दोघांच्याही गोळ्या नव्याने आणल्या. दुसऱ्या दिवशी खंडेरावांनी बशीत एक द्राक्ष ठेवून ती बायकोपुढे धरली.

"हे काय?"

"गुडघ्यासाठी."

"आत काय हाय? खरी का पेपरमिंट?"

"गिळणाऱ्यानं ते विचारायचं नसतं."

सिंधुबाईंनी द्राक्ष खिडकीच्या उजेडात धरलं, नवऱ्यासारखं एक डोळा मिटून इकडून तिकडून पाहिलं. काही दिसलं नाही. "पास," म्हणाल्या आणि गिळून टाकलं. मग आपण भरलेलं दुसरं द्राक्ष त्यांनी नवऱ्याच्या हातावर ठेवलं.

खंडेरावांनी ते न बघताच तोंडात टाकलं.