चंद्राबाईंच्या ध्रुवाची मोहीम

शके अठराशे अडुसष्ट, व्ययनाम संवत्सर, कार्तिक वद्य चतुर्थी, दिवसाचा तिसरा प्रहर. मौजे खालापूर येथे पोपटशेठ दुकानदारांच्या फळीवर नित्याप्रमाणे दरबार भरला होता. सहदेव शेतकरी खासा तंबाखू मळीत बसला होता आणि आपल्या कुटुंबाची, चंद्राबाईंची, जुनी थट्टा पुन्हा सांगत होता आणि मंडळी हसत होती, इतक्यात ठाकुरवाडीचा धाऊ ठाकूर कर्जतेहून पायी येऊन दाखल जाहला. चंद्राबाई माहेरी कर्जतेस तापाने पडल्या होत्या. धाऊ म्हणाला, "दादा, चंद्राबाय सकाळीच गेली." सहदेवाच्या तोंडावर हसू तसेच राहिले होते. ते कसे उतरवावे हे त्यास बराच वेळ कळेना.

थट्टा ती कोणती, हे सांगणे प्राप्त आहे. लग्नात भटजींनी रीतीप्रमाणे नवरानवरीस ध्रुव दाखविला आणि सांगितले की हा जागचा हलत नाही, तसे नांदावे. दोघांनी माना डोलविल्या. मग काही वर्षांनी, पौषात, उभयता खळ्यावर भाताची राखण करीत असता चंद्राबाईंनी रात्र जागून काढली आणि पहाटे यजमानांस हलवून उठविले.

"आवो, भटजीनं फसवलं आपल्याला. ध्रुव हलतो. राती बांबूच्या टोकावर व्हता, आता बघा, डावीकडं खाली उतरला."

"बांबू हलला असंल. नीज गप."

"बांबू पुरलेला हाय. मी बसल्या जागची उठले नाय. ऱ्हायला कोन?"

सहदेवाने हे फळीवर सांगितले आणि त्या दिवसापासून गावात कोणाचा बैल दावे तोडून गेला, की 'चंद्राबाईचा ध्रुव झाला' असे लोक म्हणू लागले. बाईंच्या कानी येई. त्या म्हणत, "हलतो तो हलतोच," आणि भाकरी थापीत.

तेरावे उरकले. तरी बैल पळत होते आणि लोक म्हणत होते. मग सहदेवाने पोपटशेठांच्या दरबारी अर्ज गुदरला की, माणूस गेले, आता हे बोलणे बंद व्हावे. शेठांनी फर्माविले की, ध्रुव हलल्याचा पुरावा आणावा, त्याच दिवशी बंद करू. "आणि डोळ्यांनी पाह्यलं म्हनू नको रं. डोळ्याला काय बी दिसतं. फोटूत दाखव."

सहदेवाने कर्जतेस कूच केले आणि बाजारातील सदू फोटोवाल्याची मसलत घेतली. सदू लग्नामुंजीचे फोटो काढी. तीन पायांच्या घोडीवर मोठी लाकडी पेटी, पुढे भिंग, मागे काळे फडके, असा त्याचा सरंजाम होता. त्याने सर्व ऐकून घेतले आणि सांगितले की, भिंगावरचे झाकण रात्रभर काढून ठेवले तर पेटीतल्या फोटोच्या काचेवर प्रत्येक ताऱ्याची रेघ उमटेल, आणि जो हलत नाही त्याचा नुसता ठिपका येईल.

"माझी गिऱ्हाइकं घडीभर गप ऱ्हात नायत," सदू म्हणाला. "तू दहा तास बसणारं आणलंस. पन काचा दोनच हायत. लढाई सरली तरी माल येत नाय."

पौष वद्य अमावास्येस पहिली मोहीम निघाली. खळ्यावर घोडी उभी केली, पेटी उत्तरेस रोखली, मंडळी शेकोटी न करता घोंगड्या पांघरून बसली. पेटीवर पहाऱ्यास सहदेवाची चुलती विमलबाई होती. पहाटे झाकण लावले आणि काच घेऊन सदू कर्जतेस गेला आणि दुसरे दिवशी हात हलवीत परत आला. काचेवर एकही तारा नव्हता. मग उजेडी भिंग पाहिले, तो त्यावर हळदकुंकवाचे बोट ठसठशीत.

विमलबाई म्हणाली, "हत्यार नवं, मोहीम नवी. कपाळ मोकळं कसं ठेवायचं?"

"काकी, ते कपाळ नाय," सदू म्हणाला. "तो त्याचा डोळा हाय."

"मंग कपाळ कुटं हाय त्याला?"

पोपटशेठांनी फळीवर जाहीर केले की चंद्राबाईंचा ध्रुव यंदा आलाच नाही, इतका हलला. सहदेव तेथून उठून गेला. एक काच खर्ची पडली होती, एक राहिली होती. ती गेली, तर ते बोलणे त्या बाईच्या नावावर कायमचे राहणार होते.

तेव्हा धाऊने कुमक दिली. खाली दंव फार पडते, भिंग ओले होईल, वर चला, असे त्याचे सांगणे पडले. मग अमावास्येनंतरच्या चौथ्या रात्री फौज, म्हणजे माणसे तीन, ठाकुरवाडीच्या वरच्या माळावर चढली. चांदाची कोर बुडू दिली आणि मग सदूने झाकण काढले. धाऊने खडकाआड खड्डा करून त्यात निखारे झाकले, वाळू तापविली आणि फडक्यात बांधून, दंव धरू नये म्हणून, पुरचुंडी भिंगाखाली बसविली. ती थंड झाली की दुसरी. असे रात्रभर चालले. घाटात गाडीचा दिवा वळला की सहदेव पेटीच्या बाजूस घोंगडी धरून उभा राही आणि गाडी गेली की बसे. मध्यरात्री सदू म्हणाला, "सहदेवा, नीज जरा. मी बघतो."

"नको. ती जागली व्हती, मी निजलो व्हतो."

पहाटे झाकण लागले. कर्जतेस सदूच्या अंधाऱ्या खोलीत, तांबड्या दिव्याखाली, सहदेव उभा राहिला आणि काच औषधात डुलत असता तीवर ताऱ्यांच्या काळ्या रेघा चढू लागल्या, एकीत एक, पायलीच्या काठासारख्या गोल. मधोमध, जेथे ठिपका हवा, तेथे तांदळाच्या दाण्याएवढी एक वाकडी रेघ होती.

सदूने काच उचलून दिव्याशी धरली. मग म्हणाला, "बाय खरं बोलली रं."

फोटो कागदावर उतरवून फळीवर रुजू केला. पोपटशेठांनी चष्मा लावून पाहिला आणि हरकत घेतली की पेटी हलली असेल.

"हलली असती तर समद्या रेघा थरथरल्या असत्या, शेठ. एक तरी फाटलेली दाखवा," सदू म्हणाला.

शेठांनी फोटो दाराशी नेऊन उजेडात पाहिला, नख लावून पाहिले. मग चष्मा काढला आणि फर्माविले की, आजपासून कोणाचा बैल सुटला तर बैल सुटला एवढेच म्हणावे, आणि चंद्राबाईंचे म्हणणे खरे धरावे. विमलबाईने फोटोस हळदकुंकू लाविले. तेथे कोणाची हरकत नव्हती.

येणेप्रमाणे माघ शुद्ध पक्षी मोहीम फत्ते जाहली. माणसे कामास आली नाहीत. खर्ची पडली ती काच एक.

ध्रुव हलतो, हे बाईंस ठाऊकच होते. सहदेवास ते पटले, हे बाईंस कळविणे राहिले आहे.