मशीननं विचारलेला प्रश्न

मशीनला आपली डिस्क कुठं आहे ते कळेना आणि केमिस्टला ही गोष्ट बायकोला कशी सांगावी ते सुचेना. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच प्रश्न उभा होता: मूळ फाइलसिस्टीम कुठं आहे ते सांगा. पुढं कर्सर लुकलुकत होता. इतक्या वर्षांत केमिस्टनं लोकांना हजार प्रश्न विचारले होते, गोळी उपाशीपोटी घेतली का, खोकला कोरडा की ओला. आज पहिल्यांदाच कुणीतरी त्याला विचारत होतं आणि त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

मशीन बायकोचं होतं. ती पुस्तकांसाठी किड्यामकोड्यांची चित्रं काढायची. कागदावर रंगवायची, स्कॅन करायची आणि मशीनमध्ये ठेवून द्यायची. दूरच्या शहरात कॉम्प्युटरचंच काम करणाऱ्या मुलीनं सुट्टीत येऊन ते जोडून दिलं होतं. आत दोन डिस्क, दोन्हींवर तेच, म्हणजे एक मेली तरी दुसरी जिवंत. दोन्ही डिस्क एका कार्डाला जोडलेल्या, ते कार्ड मशीनला दोन्ही मिळून एकच डिस्क म्हणून दाखवायचं, आणि त्या कार्डाचं नाव स्टोरेज कंट्रोलर. त्या कार्डाशी बोलायची भाषा ज्या छोट्या प्रोग्रॅमला येते तो ड्रायव्हर, आणि असे सगळे ड्रायव्हर पोटात घेऊन मशीन सुरू होताना सगळ्यांत आधी जागा होतो तो कर्नेल. हे सगळं युनिक्स नावाच्या जुन्या सिस्टीमच्या जातकुळीतलं असल्यामुळं कर्नेलमध्ये काय घालायचं ते एका साध्या फाइलीत ओळीनं लिहिलेलं होतं, आणि कुणालाही वाचता येत होतं. जाताना मुलगी म्हणाली होती, "बाबा, वाच हवं तेवढं. पण लिहू नको काही."

वाचण्याचा भाग केमिस्टनं मनापासून पाळला. त्याला मुळातच चौकशा फार. औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडी उलगडून शेवटपर्यंत वाचणारा तो गावातला एकटाच माणूस असावा. ती फाइल वाचताना मात्र त्याचा जीव कासावीस झाला. घरात नसलेल्या शेकडो कार्डांचे ड्रायव्हर त्या कर्नेलनं उगाच पोटात धरून ठेवले होते. दुकानात त्याचा नियम साधा होता: जे खपत नाही त्यानं शेल्फवरची जागा अडवायची नाही. आणि इथं तर उंट नसलेल्या गावात उंटाच्या औषधांचं कपाट भरून ठेवलं होतं.

त्या रविवारी दुकान बंद होतं, बायको पुढच्या खोलीत दार लोटून काम करत होती, आणि केमिस्टचे हात शिवशिवत होते. तरीही तो बेफिकीर नव्हता हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. त्यानं मशीनचं झाकण उघडलं, टॉर्च धरली, कंट्रोलरवरच्या स्टिकरवरचं कंपनीचं नाव वाचलं, फाइलीत त्या कंपनीच्या नावाचा ड्रायव्हर शोधला आणि तो राखला. बाकीचे सगळे काढून टाकले. त्यात तीन अक्षरांचं एक नाव होतं, इतकं विचित्र की उच्चारायला गेलं तर खोकल्यासारखं वाटावं. ते त्यानं विशेष आनंदानं काढलं. मग नवा कर्नेल तयार केला आणि बसवला. बसवताना मशीननं आधीचा कर्नेल 'जुना' म्हणून बाजूला ठेवला, हेही त्यानं समाधानानं पाहिलं. तेवढ्यात फाइलीत फ्लॉपीची एक ओळ राहून गेलेली दिसली. घरात फ्लॉपी कुठली? मग त्यानं तीही काढली, पुन्हा कर्नेल तयार केला, पुन्हा बसवला आणि मशीन बंद करून चालू केलं.

तेव्हापासून मशीन तोच प्रश्न विचारत होतं. तुला कुठल्या डिस्क दिसतात ते तरी सांग, असं त्यानं उलट विचारून पाहिलं. यादी आली ती कोरी.

दार करकरलं. बायको चहाचा कप घेऊन उभी होती, नाकावर हिरव्या रंगाचा ठिपका.

"झाकण का उघडलंय?"

"हवा लागावी म्हणून."

"कुणाला?"

केमिस्टला खोटं बोलता येत नसे, त्याला फक्त उशीर करता येत असे. त्यानं चहाचा एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि मग सगळं सांगून टाकलं. संध्याकाळी सहाला प्रेसवाल्या बाई पुस्तकाची चित्रं घ्यायला येणार होत्या. त्यांनी दोनदा मुदत वाढवून दिली होती आणि तिसऱ्यांदा काम दुसऱ्या चित्रकाराकडे जाईल असं स्वच्छ सांगितलं होतं. ते पुस्तक म्हणजे बायकोचे गेले कित्येक महिने होते. नाकतोडे, चतुर, पाकोळ्या, सगळे त्या दोन डिस्कांवर बसलेले आणि मशीनला डिस्कच दिसत नव्हत्या.

"म्हणजे आज देता येणार नाहीत?" बायकोनं विचारलं.

"मी करतो काहीतरी. सहाच्या आत करतो."

बायको पडद्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते केमिस्टला कळेना. "घाई करू नका," ती मऊ आवाजात म्हणाली. "सावकाश होऊ दे." आणि दार लोटून निघून गेली.

ती रागावली असती तर केमिस्टला बरं वाटलं असतं. त्यानं मुलीला फोन लावला.

"बाबा, तू लिहिलंस," ती हॅलोच्या जागी म्हणाली.

"थोडंसं."

"काय काढलंस?"

"नको ते."

"जुना कर्नेल असेल बघ. मशीन चालू होताना तो निवड."

"निवडला. तोही तेच विचारतोय."

"तू दोनदा बसवलास?"

"फ्लॉपी राहिली होती गं."

"म्हणजे तुझा पहिला बिघडलेला कर्नेल आता जुना झाला आणि चांगला होता तो गेला. बाबा, तू चूक केलीस आणि मग तिची राखीव प्रत पण करून ठेवलीस."

मुलीनं मग जास्त छळलं नाही. टेबलाच्या खणात तिनं एक पेनड्राइव्ह ठेवला होता, त्यात पूर्ण सिस्टीम होती. तो लावून त्यावरून मशीन चालू करायचं. केमिस्टनं तसं केलं आणि पडद्यावरून धावणाऱ्या ओळी तो डोळ्यांत तेल घालून वाचू लागला. एका ओळीत मशीननं कंट्रोलर कार्डाला ओळखलं आणि नावानं हाक मारली. ते नाव खोकल्यासारखं होतं.

"स्टिकरवर तर दुसरंच आहे," केमिस्ट फोनवर म्हणाला.

"स्टिकर विकणाऱ्याचं असतं, बाबा. आतली चिप दुसऱ्या कुणाची असते. ड्रायव्हर चिपवरनं ठरतो."

केमिस्ट खुर्चीत मागं रेलला. खोक्यावरच्या नावाला भुलू नका, आतलं औषध बघा, हे वाक्य तो रोज काउंटरवर म्हणत होता. महागाच्या नावाचा आग्रह धरणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यानं ते इतकं ऐकवलं होतं की काही गिऱ्हाइकं त्याच भीतीनं पलीकडच्या दुकानात जात. आणि आज तो स्वतः टॉर्च धरून खोक्यावरचं नाव वाचून आला होता. त्याला लाज वाटली, पण लाजेपेक्षा गंमत जास्त वाटली, कारण एक नवीन गोष्ट कळली होती.

पेनड्राइव्हवरून चालू झालेल्या मशीनला डिस्क दिसत होती. केमिस्टनं चित्रांचा फोल्डर उघडला. नाकतोडा जागच्या जागी होता. त्याच्या जिवात जीव आला आणि तो तसाच पुढच्या खोलीच्या दारात गेला. बायकोनं चटकन समोरच्या फळीवर वर्तमानपत्र टाकलं.

"अगं, चित्रं दिसली. दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवू? बाई आल्या की हातावर ठेवायची, मशीनचं मग बघू."

"नको नको," बायको म्हणाली. "असं अर्धवट काही नको. आधी मशीन नीट करा."

"पण चित्रं तर..."

"घाईघाईत काढली की रंग बिघडतात."

केमिस्टला हे पटलं नाही, पण रंगांबद्दल तिच्याशी वाद घालायची त्याची प्राज्ञा नव्हती. सकाळपासून एवढा गोंधळ घालूनही हिचा आपल्यावर इतका विश्वास आहे, या विचारानं त्याला भरून आलं. वर्तमानपत्राखाली ती रडून ओला केलेला रुमाल लपवत असेल असंही त्याला वाटून गेलं. आता काही झालं तरी सहाच्या आत मशीन उभं करायचंच, असं ठरवून तो परतला.

खोकल्याची ओळ त्यानं फाइलीत परत लिहिली. मुलीनं फोनवरून ती अक्षर अक्षर म्हणवून घेतली. कर्नेल तयार व्हायला दुपार लागली. सरकणाऱ्या ओळी केमिस्ट वाचत होता आणि मधूनमधून मुलीला शंका विचारत होता, आणि मुलगी मधूनमधून मीटिंग आहे म्हणत होती. रविवारी कसली मीटिंग, ही शंकाही त्यानं विचारली.

नवा कर्नेल बसला. पण चौकस माणसाला शेवटची एक गोष्ट नेहमीच दिसते. मशीन पेनड्राइव्हला पहिला नंबर देत होतं, त्यामुळं डिस्कचा नंबर एकानं पुढं गेला होता. मूळ डिस्क कोणती ते सांगणाऱ्या फाइलीत मात्र आधीचाच नंबर होता. केमिस्टनं तो तत्परतेनं सुधारला. मग पेनड्राइव्ह काढून खिशात घातला आणि मशीन चालू केलं. पेनड्राइव्ह गेल्याबरोबर डिस्क आपल्या पहिल्या नंबरावर परत आली, मशीन सुधारलेल्या नंबरावर जाऊन थांबलं, तिथं कुणीच नव्हतं, आणि पुन्हा तोच प्रश्न.

मुलगी आता फोन उचलत नव्हती. पावणेसहा होत आले होते. केमिस्टला दरदरून घाम फुटला, पण बोटं सवयीनं पुढं गेली. तुला कुठल्या डिस्क दिसतात? या वेळी यादी कोरी नव्हती. डिस्क होती, आपल्या जुन्या नंबरावर शहाण्यासारखी बसलेली. केमिस्टनं तो नंबर प्रश्नापुढं लिहिला आणि श्वास रोखला. ओळी धावल्या, पडदा उजळला आणि बायकोचा चतुर पंख पसरून समोर आला. सुधारलेला नंबर त्यानं पुन्हा बिघडवून जागच्या जागी नेला, खात्रीसाठी मशीन परत एकदा चालू करून पाहिलं आणि पुढच्या खोलीकडं जवळजवळ पळत गेला.

"झालं."

"झालं?" बायकोचा चेहरा पडला. "एवढ्यात?"

"एवढ्यात काय? सकाळपासून बसलोय."

बायकोनं फळीवरचं वर्तमानपत्र उचललं. खाली एक मोठा काळा भुंगेरा होता, पाठीवर हिरवी झाक, एकेक रेष जिवंत. फक्त सहापैकी त्याला दोनच पाय होते.

"मुखपृष्ठ," ती म्हणाली. "बाईंनी फोन केला तेव्हा तोंडातून झालंय म्हणून निघून गेलं. मग नाही झालं म्हणून कसं सांगायचं?"

"पण तू इतका उशीर का लावलास?"

बायकोनं खिडकीतल्या काचेच्या बरणीकडं बोट दाखवलं. बरणी केमिस्टच्याच दुकानातली होती. आत पानावर खराखुरा भुंगेरा बसला होता, खड्यासारखा गोळा होऊन. "बघायला गेलं की पाय पोटाशी घेतो. खायला घातलं की थोड्या वेळानं एक पाय बाहेर काढतो. एकच. तो कागदावर काढून होतो न होतो तोच आत घेतो, तो दुसऱ्या दिवसापर्यंत. आज तुमचं मशीन बिघडलं तेव्हा मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. दुपारीच बाईंना कळवून टाकलं. त्या म्हणाल्या, तरीही येते, स्वतः बघते."

केमिस्टला आधी राग आला. दिवसभराच्या घामाचा, भरून आलेल्या उराचा, सगळ्याचा एकदम आला. मग त्याची नजर त्या दोनपायी भुंगेऱ्यावर गेली. चित्र इतकं सुंदर होतं की उरलेले पाय कसे असतील ते आपल्यालाही बघायचंय, असं त्याला फार वाटलं. ते दुसऱ्या कुणी काढावेत हे त्याला सहन झालं नसतं.

"अहो," बायको खालच्या आवाजात म्हणाली, "परत बिघडवता येईल का?"

दारावरची बेल वाजली.

"जा, उघड. पण चपला काढायला वेळ लागू दे त्यांना," केमिस्ट म्हणाला आणि मागच्या खोलीत गेला. नवा कर्नेल बसवताना मशीननं आधीचा बाजूला ठेवला होता, म्हणजे 'जुना' या नावाखाली त्याची चूक अजून शाबूत होती. त्यानं मशीन पुन्हा चालू केलं आणि जुना कर्नेल निवडला.

प्रेसवाल्या बाई आत आल्या तेव्हा पडद्यावर प्रश्न उभा होता. झाकण उघडं, टॉर्च बाजूला, केमिस्टचा शर्ट घामानं भिजलेला. त्यात खोटं काहीच नव्हतं. बाईंनी चष्मा लावून प्रश्न वाचला आणि केमिस्टकडं वळल्या.

"जाणार तर नाहीत ना चित्रं?"

"नाही. ती सुखरूप आहेत."

"मग किती दिवस?"

केमिस्टनं त्यांच्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं. दारात बायको उभी होती, पाठीमागं बरणी लपवून, दुसऱ्या हाताची चार बोटं वर केलेली.

"चार दिवस," केमिस्ट म्हणाला. खोटं बोलायची सवय नसल्यामुळं त्याची जीभ नेहमीच्या वाटेनं पुढं गेली. "रोज एक, जेवणानंतर."

बाईंनी मशीनकडं पाहिलं, मग मागं वळून बायकोच्या नाकावरच्या हिरव्या ठिपक्याकडं पाहिलं, आणि चष्मा काढून पर्समध्ये ठेवला.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण पूर्ण कोर्स करा. बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका."